अकरा सेकंदांचं अपील

राग आला की मी आधी कागदाची तारीख बघतो. बत्तीस वर्षं महसूल खात्यात कारकुनी केली, तिथली ही खोड आहे. त्या दिवशी सुनेने मोबाईल माझ्यापुढे धरला, तेव्हाही मी तेच केलं. तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती आणि खाली लिहिलं होतं की अपील करायचं असेल तर तीस दिवसांत करा. म्हणजे नऊ दिवस आमच्या नकळत गेले होते. मजकूर अजून वाचायचाच होता आणि माझं डोकं तापायला लागलं होतं.

मजकूर इंग्रजीत. विमानांचा कारभार बघणाऱ्या दिल्लीच्या एका कार्यालयाने माझ्या सुनेला दंड ठोठावला होता आणि ड्रोन उडवायचं तिचं लायसन वर्षभरासाठी बंद केलं होतं. दंडाचं काही नव्हतं, तो भरून मोकळे झालो असतो. लायसन बंद झालं तर तिच्या हातातलं काम जाणार होतं. आणि ते काम तिने कसं मिळवलं होतं ते मी बघितलेलं आहे.

आमचं गाव श्रीरामपूरहून पश्चिमेला. ऊस, मका, सोयाबीन. गावातल्या बायकांच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला तेव्हा तो चालवायला कोण शिकणार, असा प्रश्न आला. सगळ्या एकमेकींकडे बघत बसल्या आणि आमची सून म्हणाली, मी जाते. नातू तेव्हा दोन वर्षांचा. मुलगा जिल्ह्याच्या गावी, नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. नातवाला माझ्या बायकोने सांभाळलं, सून पुण्याला राहून शिकली, परीक्षा दिली आणि सरकारी कागद घेऊन परत आली. सुरुवातीला ती कुणाच्या शेतात गेली की लोक बांधावर जमायचे. फवारणी बघायला नाही, बाई बघायला. दोन हंगाम गेल्यावर बांधावर कुणी जमेना, उलट फोन यायला लागले. पायलटबाई, आमच्याकडं कधी येता. पुरुषभर उंचीच्या उसात पाठीवर पंप घेऊन माणसाला शिरता येत नाही, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

तिचा गुन्हा काय होता, तेही सांगतो. आमच्या जिल्ह्यात विमानतळ आहे. त्याच्याभोवती नकाशावर रेघ मारलेली असते. रेघेच्या आत ड्रोन उडवायचा तर आधी परवानगी लागते, बाहेर लागत नाही. सून रोज सकाळी शेतावर जायच्या आधी मोबाईलवर तो नकाशा उघडते आणि त्याचा फोटो काढून ठेवते. ही शिस्त तिला कुणी लावली नाही, तिची तिने लावून घेतली. त्या दिवशी ज्या उसावर फवारायचं होतं त्याच्या कडेने ओढा जातो. सकाळच्या नकाशात रेघ ओढ्याच्या पलीकडे होती. ड्रोन उसावरून सरळ पट्ट्या मारत जातो आणि बांधापाशी पोचला की ओढ्यावर वळून परत येतो. नांगराचा बैल जसा शेताच्या कडेला वळतो, तसाच. दुपारी दिल्लीत कुणीतरी नकाशा बदलला आणि रेघ ओढ्याच्या अलीकडे आली. त्यानंतर ड्रोनने ओढ्यावर जी काही वळणं घेतली, त्यांची यंत्राने आपोआप बेरीज केली. अकरा सेकंद. उसाच्या शेंड्यापासून दोन-तीन हात वर. त्या उंचीवरून जर एखादं विमान येणार असेल तर त्याला ड्रोनची नाही, उसाची भीती.

हे सगळं मी सुनेकडून ऐकलं आणि मला बरं वाटलं. आश्चर्य वाटेल, पण खरंच बरं वाटलं. कारण केस सरळ होती. सकाळच्या नकाशाचा फोटो होता, त्यावर वेळ होती, शेताची जागा होती. चूक झालेलीच नव्हती, हे पाच वर्षांच्या पोरालाही समजेल इतकं स्वच्छ होतं. मी म्हणालो, "अपील मी लिहितो. तू काळजी करू नको."

अपील लिहावं तर मी, असा माझा तोरा होता आणि अजून थोडा आहे. नोकरीत मी अपिलं बघितली, नोंदवली, त्यांच्या नोटिसा काढल्या, निकालांचे मसुदे लिहिले. दोन दिवस बसून चार पानी मसुदा तयार केला. पहिल्या परिच्छेदात हकीकत, दुसऱ्यात नकाशाचा फोटो, तिसऱ्यात लायसन बंद करण्याची शिक्षा कशी अवाजवी आहे, आणि शेवटी विनंती. विनंतीच्या आधी मी एक ओळ घातली. माझ्याकडून काही चूक झाली असल्यास उदार अंतःकरणाने माफ करावे.

सुनेने ती वाचली आणि बोट ठेवलं. "मामा, चूक झालीच न्हाई. मग माफी कशाला मागायची?"

"अगं, ती रीत हाय अर्जाची. साहेबाला जरा बरं वाटतं."

"पन मी तर रेघंच्या भायेरच हुते."

"व्हय, ते वर लिहिलंय ना समदं. ही ओळ नुसती अदबीची. आमच्या कचेरीत असा एक अर्ज यायचा न्हाई ज्यात ही ओळ नसंल."

तिने बोट उचललं. सासऱ्याला बत्तीस वर्षांचा अनुभव आहे, त्याच्यापुढे किती बोलणार. श्रीरामपुरात एका टायपिंगवाल्याकडून आम्ही त्याचं इंग्रजी करून घेतलं. त्याने ती ओळही इमानेइतबारे इंग्रजीत नेली. अपील गेलं, पोच आली.

दीड महिन्याने सुनावणीची नोटीस आली आणि माझ्या रागाची खरी सुरुवात तिथे झाली. आम्ही अपील केलं होतं दिल्लीच्या त्या कार्यालयातल्या मोठ्या साहेबाकडे. कायद्याने तेच अपील ऐकणारे. नोटिशीत मात्र लिहिलं होतं की सुनावणी अमुक एक सहायक अधिकारी घेतील, कारण मोठ्या साहेबांनी एका आदेशाने अपील ऐकण्याचे अधिकार त्यांना प्रदान केलेले आहेत. अधिकार प्रदान करणं हे शब्द मी आयुष्यात हजार वेळा लिहिले असतील. त्यांचा अर्थ एवढाच की काम माझं, नाव माझं, पण बसेल तो.

इथवर चाललं असतं. मोठ्या साहेबांकडे देशभरातली अपिलं येणार, ते एकटे कुठे पुरे पडणार, हे मलाही कळतं. पण मी कागद खालून वाचणारा माणूस आहे. सरकारी कागदात खरी माहिती शेवटच्या ओळींत असते, जिथे प्रती कुणाकुणाला पाठवल्या ते लिहिलेलं असतं. तिथे बघितलं तर ज्या अधिकाऱ्याने सुनेला दंड केला होता, त्याच्या शाखेतच हे सहायक बसत होते. त्याच्या हाताखाली. ह्यांच्या रजेचा अर्ज त्याच्याकडे जाणार, ह्यांचा वर्षाचा गोपनीय अहवाल तो लिहिणार. आणि त्याच्या हुकमाविरुद्धचं अपील हे ऐकणार.

तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आसंल चांगला मानूस." चांगला असेल की. चांगुलपणाचा इथे संबंध काय? सुनेने सासूची तक्रार केली आणि सासूने ती ऐकायला धाकट्या जावेला बसवलं तर धाकटी जाऊ काय निकाल देईल? पोटाला चिमटा बसणाऱ्या माणसाला न्याय द्यायला बसवणं हा त्या माणसावरही अन्याय आहे, हे त्या मोठ्या साहेबाला सुचलं नसेल असं मी मानत नाही. सुचलं असेल, आणि टेबल रिकामं झाल्याचं समाधान त्याहून मोठं वाटलं असेल.

सुनावणी व्हिडिओवर झाली. सकाळी अकराची वेळ. सुनेने ओसरीवर खुर्ची मांडली, मोबाईल डब्याला टेकवून उभा केला, नातवाला बायकोने शेजारी नेलं. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बाजूला बसलो, हातात फाईल. पडद्यावर आलेला माणूस तरुण होता, चष्मा लावलेला, बोलायला अगदी नम्र. बोलणं हिंदीत चाललं. सुनेचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे.

तिने सगळं नीट सांगितलं. सकाळचा नकाशा, ओढा, वळण, दुपारी बदललेली रेघ. मग विचारलं, "साहेब, तो फोटो तुम्ही बघितला का?"

"फोटो फाईलला आहे," तो म्हणाला.

"फाईलला आहे ते मला माहीत आहे. तुम्ही बघितला का?"

त्याने समोरचा कागद उचलला आणि म्हणाला की आपण अपिलाच्या शेवटी चूक झाल्याचं मान्य करून माफी मागितली आहे, तेव्हा नकाशा कोणता होता ह्यात आता शिरण्याचं कारण उरत नाही.

सुनेने माझ्याकडे मान वळवली नाही. वळवली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. ती सरळ पडद्याकडे बघत म्हणाली, "ती आमच्याकडची अर्ज लिहायची पद्धत आहे. झाली असल्यास, असं लिहिलंय. झाली, असं नाही."

तो म्हणाला, ठीक आहे, नोंद घेतो. त्याने खाली काहीतरी लिहिलं. मला त्याची बोटं दिसत होती. पुढे लायसनचा विषय निघाला. दंड कायम ठेवायचा तर ठेवा, पण लायसन वर्षभर बंद राहिलं तर गट ड्रोन दुसऱ्या गावाला देईल, हे तिने सांगितलं. तो म्हणाला की लायसनबद्दल निर्णय द्यायचे अधिकार त्याला प्रदान केलेले नाहीत. त्याला फक्त दंडाचं बघता येतं.

"मग लायसनचं कोण बघणार?"

"मोठे साहेब."

"ते माझं कधी ऐकणार?"

"ऐकण्याचं काम त्यांनी माझ्याकडे दिलेलं आहे."

हे तो चेष्टेने म्हणाला नाही. अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला. त्याच्या लेखी ते वाक्य बरोबर होतं, आणि नियमाप्रमाणेही बहुधा बरोबरच असेल. जो ऐकतो त्याला ठरवता येत नाही आणि ज्याला ठरवता येतं त्याने ऐकायचं काम दुसऱ्याला दिलेलं. ह्या दोघांच्या मधे माझी सून ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती. वीस मिनिटांत सुनावणी संपली. त्याने नमस्कार केला, तिनेही केला.

निकाल तीन आठवड्यांनी आला. अपील फेटाळलं. नकाशाच्या फोटोबद्दल त्यात एक शब्द नव्हता. माफीची ओळ मात्र अवतरणात घातली होती, आणि तिच्यातलं 'असल्यास' गाळलं होतं. लायसनबद्दल लिहिलं होतं की तो मुद्दा ह्या प्राधिकाऱ्याच्या अधिकारकक्षेबाहेर आहे. खाली मोठ्या साहेबाचं पदनाम, आणि त्याच्यावर 'करिता' असं लिहून सहायकाची सही.

त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोललो नाही. ज्याच्याशी बोललो त्याच्यावर खेकसलो. पारावर, दूध डेअरीत, एसटी स्टँडवर, भेटेल त्याला ती गोष्ट सांगत सुटलो. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, दिल्लीचं असंच असतं. असंच कसं असतं? माणसाचं काम काढून घेण्याचा अधिकार तुम्हाला हवा, मग ते काढून घेताना त्याच्या तोंडाकडे बघायचा त्रासही तुम्हीच घ्या. तेवढं जमत नसेल तर खुर्ची सोडा. तुमच्या जागी बसायला माणसं पुष्कळ आहेत. मी मोठ्या साहेबाला मनातल्या मनात इतकी पत्रं लिहिली की कागदावर उतरवली असती तर दस्ता संपला असता.

सून मात्र शांत होती. तिने गटाच्या बायकांची बैठक बोलावली, निकाल वाचून दाखवला आणि दोन महिन्यांची मुदत मागितली. बायकांनी दिली. दुसरं अपील करता येतं, ते मोठ्या साहेबाच्याही वरच्याकडे जातं, आणि समक्ष सुनावणी मागता येते, हे तिने स्वतः शोधून काढलं. ह्या वेळी अपील तिने स्वतः लिहिलं आणि मला फक्त वाचायला दिलं. समक्ष सुनावणीची तारीख मिळाली. मी लगेच रेल्वेची दोन तिकिटं काढली, एक तिचं, एक माझं. तिच्या मोबाईलवरूनच काढली.

जायच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी आम्ही ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. मी पुन्हा त्या सहायकावर घसरलो होतो. नुसता सहीचा शिक्का, स्वतःची अक्कल गहाण टाकलेला माणूस, आणि असं बरंच. ती ऐकत होती. मग शेंगेतून मान वर न करता तिने विचारलं, "मामा, कचेरीत तुमच्याकडंबी अपिलं यायची ना? ती कोन ठरवायचं?"

"प्रांतसाहेब."

"ते वाचायचे?"

खोटं बोलता आलं असतं. पण ती आता मान वर करून बघत होती, आणि मला ओसरीवरची ती खुर्ची आठवली. मी सांगितलं. साहेब दौऱ्यावर, साहेब बैठकीत, साहेबांच्या टेबलावर पन्नास फायली. निकालाचा मसुदा मी सुनावणीच्या आधीच तयार ठेवायचो. साहेब विचारायचे, ह्याचं काय करायचं? मी म्हणायचो, फेटाळू या. किंवा म्हणायचो, मंजूर. ते सही करायचे. माझ्याकडे कुठलेही अधिकार कुणी प्रदान केलेले नव्हते. तसा एक आदेशही नव्हता.

"लोकांना म्हाईत असायचं?"

"कुनाला? न्हाई."

मग मी एका बाईचं सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण तोंड उघडलं होतं. डोंगराकडच्या गावातली बाई, नवरा वारलेला, दिराने जमिनीच्या उताऱ्यावरून तिचं नाव काढून टाकलेलं. अपील करायला तिला उशीर झाला होता. उशीर माफ करावा असा वेगळा अर्ज अपिलाला जोडावा लागतो, तो तिने जोडला नव्हता. तो अर्ज म्हणजे अर्ध्या पानाचं काम. मी तिला सांगितलं असतं तर तिने बाहेर झाडाखाली बसलेल्या अर्जवाल्याकडून दहा मिनिटांत लिहून आणला असता. ती तीन तारखांना आली, तिन्ही वेळा माझ्या टेबलासमोर उभी राहिली. मी काही बोललो नाही. त्या महिन्यात निकाली काढायच्या फायलींचा आकडा पुरा करायचा होता. मुदतबाह्य असल्याने फेटाळण्यात येत आहे, असं लिहिलं आणि साहेबांपुढे ठेवलं. तिच्या नावाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तिचा चेहरा आठवत नाही, हिरव्या काठाचं लुगडं तेवढं आठवतं.

सुनेने शेंगा फोडायचं थांबवलं होतं. तिला माझा राग आला असता तर मी समजू शकलो असतो, माझा मलाच आला होता, आणि तो दिल्लीवरच्या रागाहून कमी नव्हता. इतके दिवस मी त्या चष्मेवाल्या पोराला जे जे म्हणालो होतो ते सगळं एका दमात माझ्याकडे परत आलं.

तिने पदराला हात पुसले, मोबाईल उचलला आणि माझ्यासमोरच दोन तिकिटांतलं एक रद्द केलं.

"मामा, दिल्लीला मी एकटीच जाते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तिथं कुनीतरी तुमच्यासारखाच बसलेला आसंल. त्याच्याशी मला एकटीला बोलू द्या."